लग्नाचा केक : नक्षी साखरेची, मेहनत हाताची

लग्नसराई जवळ आली की या सदराकडे केकविषयी विचारणा सुरू होते. विचारणाऱ्या बहुतेक मुली घरी केक करून चार पैसे मिळवणाऱ्या असतात. वाढदिवसाचे केक त्यांच्या हाताखालून गेलेले असतात. मग एके दिवशी लग्नाच्या केकची ऑर्डर येते. गिऱ्हाईक मोबाइलवर चित्र पाठवते. पाच मजली, पांढराशुभ्र, फुलांनी लगडलेला केक. आणि विचारते, "अगदी असाच हवा. केवढ्याला द्याल?" इथे भल्याभल्यांची तारांबळ उडते. पैसे कमी सांगितले तर चार रात्रींचे जागरण फुकट जाते. चित्र नीट न ओळखता होकार दिला तर केक हॉलवर पोहोचेपर्यंत एका अंगाला कलतो.

आपल्या मंगल परिणयाच्या विधीत केकला स्थान नाही आणि केक नसला म्हणून कुणाचे लग्न अडत नाही. पण स्वागत समारंभात तो आता दिसू लागला आहे आणि त्यावर आपल्याच काही भगिनींची चूलही पेटते आहे. म्हणून करणारीला आणि मागवणाऱ्याला, दोघांनाही त्याच्या नक्षीची माहिती असावी असे आम्हाला वाटते. प्रत्येक नक्षीमागे काहीतरी कारण असते. ते कारण कळले की चित्र पाहूनच सांगता येते, हा केक आपल्या उन्हात टिकेल का, पोटात जाईल का आणि खिशाला झेपेल का.

पांढरा रंग आला कुठून?

आज आपण ज्याला लग्नाचा केक म्हणतो तो मूळचा इंग्लंडचा. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाचे लग्न झाले. तिचा केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १३६ किलोंचा होता. त्याचा घेर नऊ फूट आणि जाडी चौदा इंच. वर ब्रिटानिया देवी वधूवरांना आशीर्वाद देते आहे असा साखरेचा देखावा होता. अंड्याचा पांढरा बलक आणि दळलेली साखर फेटून केलेला कडक, पांढरा थर त्या काळापासून राजघराण्याच्या नावाने ‘रॉयल आयसिंग’ म्हणून सर्वत्र रुळला.

पांढऱ्या रंगाला पुढे पावित्र्याचा अर्थ चिकटला. पण मुळात तो ऐपतीचा रंग होता. साखर जितकी शुद्ध आणि शुभ्र, तितकी ती महाग. शुभ्र केक टेबलावर ठेवणे म्हणजे, आम्हाला ही साखर परवडते, असे पाहुण्यांना न बोलता सांगणे.

आणि ती साखर स्वस्त होत गेली कशी, हेही आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी पिढ्यान् पिढ्या रक्त आटवले. ब्रिटनने कायदा १८३३ मध्ये केला, पण सक्तीची ‘उमेदवारी’ संपून ते लोक खऱ्या अर्थाने मोकळे झाले १ ऑगस्ट १८३८ रोजी. म्हणजे राणीचा केक कापला गेला तेव्हा त्या सुटकेला जेमतेम दीड वर्ष झाले होते. दोन कोटी पौंडांची भरपाईही मिळाली ती मालकांना. गुलामांच्या हाती एक कवडी पडली नाही. याच लोकांच्या वंशजांनी पुढे मालकाच्या घरचा सुक्या मेव्याचा केक आपला करून घेतला. मेवा रममध्ये भिजवायचा, करपवलेल्या साखरेने केक काळा करायचा. जमैका आणि त्रिनिदादमध्ये लग्नाला हा ‘ब्लॅक केक’ मानाने लागतो. आपल्याकडेही दरवर्षी कोयता घेऊन मराठवाड्यातून बाहेर पडणारी बिऱ्हाडे आपण पाहतो. साखरेच्या प्रत्येक फुलामागे असे हात असतात.

मजले आणि खांब

राणी व्हिक्टोरियाचा केक रुंद होता, उंच नव्हता. उंची वाढली पुढच्या पिढीत. १८५८ साली राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मजल्यांचा केक झाला, पण त्याचे वरचे मजले नुसत्या साखरेचे होते. १८८२ साली राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात सगळे मजले खऱ्या केकचे झाले. पुढे दोन मजल्यांमध्ये खांब उभे करण्याची पद्धत आली.

यातले मर्म असे की तो केक सुक्या मेव्याचा, घट्ट आणि जड असे. त्यावर बदामाच्या मार्झिपानचा थर आणि त्यावर दगडासारखे वाळलेले आयसिंग. असा केक वरचे वजन पेलतो आणि महिनोन् महिने टिकतो. वरचा मजला पहिल्या बाळाच्या बारशापर्यंत जपून ठेवण्याची इंग्रजांची रीत त्यातूनच आली. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही लग्नाला मेव्याचा केक लागतो. तिथे बदामाची जागा पुष्कळदा काजू घेतो.

आपण मात्र करतो तो स्पंज. तो मऊ असतो, वजन पेलत नाही. म्हणून दोन मजल्यांचा केक करायचा तर खालच्या मजल्यात त्याच उंचीच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काड्या उभ्या रोवाव्या लागतात आणि वरच्या मजल्याखाली पुठ्ठ्याची किंवा लाकडाची चकती द्यावी लागते. भार काड्यांवर येतो, केकवर येत नाही. ज्यांचे केक कलतात त्यांनी आधी एवढेच तपासावे.

नोझलची कला

कोनातून आयसिंग दाबून नक्षी काढणे ही या कलेची मुळाक्षरे. रॉयल आयसिंगच्या रेषा वाळल्या की कडक होतात, त्यामुळे एका रेषेवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढवून उठावाची वेलबुट्टी काढता येते. जोसेफ लॅम्बेथ यांनी १९३४ साली या पद्धतीवर मोठे पुस्तक लिहिले म्हणून तिला लॅम्बेथ पद्धत म्हणतात. झालरी, हार, शिंपले यांनी भरलेले जे ‘व्हिंटेज’ केक अलीकडे पुन्हा दिसू लागले आहेत ते तिचेच नातवंड. फरक एवढाच की आता ही नक्षी बहुधा बटरक्रीमने काढतात. ऑस्ट्रेलियात याहून नाजूक काम रुजले. केसासारखे साखरेचे दोरे केकच्या अंगापासून थोडे बाहेर, पडद्यासारखे सोडायचे. अमेरिकेत ड्यूई मॅककिन्ली विल्टन यांनी १९२९ साली शिकागोत केक सजावटीचे वर्ग सुरू केले. खिळ्यावर फिरवत काढलेला बटरक्रीमचा गुलाब सामान्य बायकांपर्यंत पोहोचला त्यात या वर्गांचा आणि पुस्तकांचा मोठा वाटा आहे.

ही कला आपल्यापासून दूर राहिलेली नाही. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी इंग्लंडमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आयसिंगचे धडे घेतले आणि अंड्याशिवायच्या रॉयल आयसिंगच्या कामाने जगात नाव मिळवले. ज्या घरांत अंडे चालत नाही त्यांच्यासाठीही ही वाट त्यामुळे मोकळी झाली. हातात रांगोळीची रेघ किंवा मेंदीचा कोन स्थिर धरणाऱ्या मुलीला नोझल परका वाटत नाही, हा आमचा अनुभव आहे.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. भांड्याला तुपातेलाचा अंश राहिला तर रॉयल आयसिंग फुलत नाही, आणि उघडे ठेवले तर लगेच पापुद्रा धरते, म्हणून वर ओले फडके ठेवावे. कच्चे अंडे वापरण्याऐवजी वाळवलेल्या बलकाची पूड वापरावी. ती पोटाच्या दृष्टीने निर्धोक असते.

फॉन्डंट, क्रीम आणि ताजी फुले

पोळीसारखा लाटून केकवर पांघरायचा साखरेचा गोळा म्हणजे फॉन्डंट. त्याने केकचे अंग गुळगुळीत होते आणि वर घडवलेली फुले लावता येतात. २९ एप्रिल २०११ रोजी राजपुत्र विल्यमच्या लग्नात फिओना केर्न्स यांनी केलेल्या आठ मजली केकवर साखरेची सुमारे ९०० फुले होती. उलट १९ मे २०१८ रोजी त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नात मेव्याचा केक बाजूला पडला. क्लेअर टॅक यांनी लिंबू आणि एल्डरफ्लॉवरच्या स्वादाचा केक बटरक्रीमने माखला आणि वर ताजी फुले ठेवली. एकाच घरात सात वर्षांत रीत बदलली. तेव्हा अमुकच केक खरा, असे कुणी सांगितले तर मनावर घेऊ नका.

आपल्याकडे फॅशनपेक्षा हवामान मोठे. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. नागपूरच्या मे महिन्यात पंख्याखालच्या हॉलमध्ये बटरक्रीमचे गुलाब किती वेळ तग धरतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रॉयल आयसिंग आणि साखरेची फुले ओल धरून मऊ पडतात. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या फॉन्डंटला घाम सुटतो आणि रंग ओघळतात. उन्हाळ्यात घट्ट चॉकलेट गनाशवर पातळ फॉन्डंट त्यातल्या त्यात बरा. क्रीमचाच केक हवा असेल तर तो एकमजली ठेवून कापण्याच्या थोडाच वेळ आधी बाहेर काढावा.

ताज्या फुलांबाबतही सावध असावे. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत, ते केकजवळही नकोत. बाजारातल्या फुलांवर औषध मारलेले असते, म्हणून देठ थेट केकमध्ये खुपसू नये. चमकीचेही तसेच. ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली प्रत्येक पूड खाण्याची नसते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ साली अशा चमकीचा वाढदिवसाचा केक खाऊन लहान मुले आजारी पडली. तपासात त्या पुडीत तांब्याचे प्रमाण फार आढळले. डबीवर ‘खाण्यायोग्य’ आणि घटकांची यादी असेल तरच ती वापरा.

पुठ्ठ्याच्या केकची गोष्ट

पाच मजली केकची हौस आणि पाच मजल्यांचे पैसे यांचा मेळ बसला नाही तर लाज वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४० पासून, ब्रिटनमध्ये केकवर आयसिंग करण्यालाच बंदी झाली. तेव्हा पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टरचे नक्षीदार आवरण भाड्याने आणून आतल्या छोट्या केकवर झाकत. फोटो काढून झाला की आवरण उचलून केक कापत. युद्ध संपल्यावरही रेशन चालूच होते. २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथच्या लग्नातल्या नऊ फुटी केकचे जिन्नस ऑस्ट्रेलियाच्या गर्ल गाइड मुलींनी पाठवले होते. साखरेवरचे रेशन उठले ते १९५३ साली.

थर्माकोलचे वरचे मजले ही त्याच वाटेची आजची पायरी आहे. खालचा एक मजला खरा ठेवावा, वधूवरांनी तो कापावा आणि पाहुण्यांसाठी त्याच चवीचा साधा चौकोनी केक आत तयार ठेवावा. तीनशे माणसांना प्रत्येकी ५० ग्रॅमचा तुकडा धरला तर १५ किलो केक लागतो. तो साधा असेल तर खर्च आवाक्यात राहतो आणि नक्षीच्या नावाखाली कोणी कर्ज काढत नाही. फक्त मजले थर्माकोलचे आहेत हे गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगावे.

ऑर्डर घेताना

आता पैशांचे बोलू. केकचा दर किलोवर सांगण्याची पद्धत आहे आणि तिथेच आपल्या मुली फसतात. मैद्याचे वजन होते, बोटांच्या कामाचे होत नाही. समजा, साखरेचे एक फूल घडवायला दहा मिनिटे लागतात. साठ फुलांना दहा तास झाले, आणि त्यांचे वजन अर्धा किलोही भरणार नाही. म्हणून सामानाचा खर्च वेगळा, कामाचे तास वेगळे, डबा आणि वाहतूक वेगळी मांडा आणि मगच आकडा सांगा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. हॉल कोणत्या मजल्यावर आहे, टेबल कुठे असेल, केक किती वाजता कापणार, हे लिहून घ्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करून घ्या. जमणार नाही ती नक्षी जमते म्हणू नका. तिच्याऐवजी जमेल ती दाखवा. एक मजला, स्वच्छ कडा आणि एकाच बाजूला पाच चांगली फुले, एवढा केकही फोटोत शोभतो.

आणि मागवणाऱ्यांना एक विनंती. ती आपल्या ओळखीची मुलगी आहे, शेजारची आहे, भाचीच्या वयाची आहे म्हणून तिच्याकडून फुकट किंवा अर्ध्या दरात करून घेऊ नका. दुकानात घासाघीस न करता मोजता तेवढेच तिलाही मोजा. घरची मुलगी स्वतःच्या हुनरावर उभी राहते आहे, तिला आहेर द्यायचा तर तो तिच्या कामाचा पूर्ण दाम देऊनच द्यावा.

अंड्याशिवायचा, घरच्या कुकरमध्ये होणारा साधा स्पंज कसा करावा, हे पुढील अंकी पाहू.