विश्लेषण : जुनी लक्झरी कार स्वस्त का मिळते आणि महाग का पडते?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज एकदम विकत घेतल्या. ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. सरासरी काढली तर एक गाडी ४३ लाखांच्या आसपास पडली. त्या सुमारास रस्त्यावर आलेल्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपली आहे. आणि त्या पिढीच्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी आज नव्या हॅचबॅकच्या किमतीत विकायला दिसतात. मोबाइल उघडला की रील समोर येते : सनरूफ, चामड्याच्या सीट, ‘सिंगल ओनर’, आणि शेवटी ‘हप्ता फक्त इतका’.

हप्ता परवडेल का, हा प्रश्न सोपा आहे. बँक तो सोडवून देते. बँक ज्याचे उत्तर देत नाही, त्या पुढच्या खर्चाविषयी हे विश्लेषण.

किंमत इतकी का कोसळते?

नव्या गाडीच्या किमतीत गाडी जेवढी असते, त्याच्या बरोबरीने कर असतो. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर मिळून ५० टक्क्यांपर्यंत बोजा होता. आता तो सरसकट ४० टक्के आहे. त्यावर महाराष्ट्रात २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के रस्ता कर. (सगळ्यात महागड्या गाड्यांसाठी या कराची २० लाखांची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून ३० लाख झाली.) हा सगळा पैसा पहिला मालक भरतो आणि दुसऱ्याकडून त्यातला फार थोडा परत मिळतो.

दुसरे कारण ग्राहकाच्या स्वभावात आहे. या गाड्या बऱ्याचदा व्यवसायाच्या नावावर घेतल्या जातात. कर्ज फिटले, मूळ वॉरंटी संपली, नवे मॉडेल आले की गाडी बाहेर पडते. बाजारात माल येतो, पण तो घेणारे मोजके. ज्याला साठ लाखांची गाडी परवडते त्याला सात वर्षांची जुनी गाडी नको असते. आणि ज्याला जुनी चालते तो खर्चाला घाबरतो. मधल्या या दरीत किंमत कोसळते. गेल्या सप्टेंबरमधल्या करकपातीने नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तेव्हा जुन्यांचे भावही आणखी खाली सरकणे ओघाने आलेच.

मग तोटा कुठे आहे?

गाडी म्हातारी होते तशी तिची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. साठ लाखांची गाडी तुम्ही पंधरा लाखांत घेतलीत तरी तिचा हेडलाइट साठ लाखांच्या गाडीचाच असतो. या गाड्यांची जुळणी भारतात होते. मर्सिडीज पुण्याजवळ चाकणला, बीएमडब्ल्यू चेन्नईत, ऑडी संभाजीनगरच्या शेंद्रा येथे. पण जुळणी इथे होते म्हणजे भाग इथे बनतात असे नाही. अनेक भाग परदेशातून येतात, आणि भाग मिळेपर्यंत गाडी गॅरेजमध्ये उभी राहते.

आकड्यांत पाहू. समजा पंधरा लाखांच्या गाडीसाठी १२ लाखांचे कर्ज, १२ टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता साधारण २६,७०० रुपये. आता या गाडीला एअर सस्पेन्शन आहे आणि पुढचा एक शॉकर गेला. अनेक मॉडेल्समध्ये हा एक भाग लाखाच्या घरात जातो, म्हणजे एका झटक्यात जवळपास चार हप्ते. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो प्रकार.

नेमके काय बिघडते?

साध्या गाडीत स्प्रिंग लोखंडाची असते. एअर सस्पेन्शनमध्ये तिच्या जागी हवेने भरलेली रबरी पिशवी असते आणि एक छोटा कॉम्प्रेसर तिच्यात हवा भरतो. ऊन, धूळ, खड्डे आणि वय यांनी रबराला बारीक चिरा जातात. हवा हळूहळू गळते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत धावतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे दुरुस्ती एका भागाची असते, पण ती टाळली की दोन भागांची होते. सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसली तर ओळखावे. विकणारा गाडी दाखवण्याआधी ती सुरू करून ठेवतो, कारण दोन मिनिटांत ती पुन्हा उंच होते!

दुसरा नाजूक विषय गिअरबॉक्स. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ असल्याचे सांगितले जाते. आयुष्य नेमके कोणाचे, हे त्यात लिहिलेले नसते. बीएमडब्ल्यूसह अनेकांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. पहिल्या मालकाला गाडी पाच वर्षांत विकायची होती, त्याने ते का बदलावे? ८० हजार चाललेली गाडी घेताना या एका नोंदीसाठी सर्व्हिसची बिले चाळावीत.

डिझेल गाडीत धुराड्याच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला त्याला बराच वेळ सलग, बऱ्या वेगात धावणे लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नियमित जाणाऱ्याला त्रास नाही. पण कोथरूड ते स्वारगेट किंवा दादर ते परळ एवढेच चालवणाऱ्याची गाडी ही साफसफाई कधी पुरी करत नाही, आणि फिल्टर तुंबतो. काही गॅरेजवाले तो काढूनच टाकतात आणि सॉफ्टवेअरला गप्प करतात. अशी गाडी छान पळते, पण ती नियमात बसत नाही. शहरातल्या शहरात फिरायचे असेल तर माझे मत सरळ पेट्रोलच्या बाजूने आहे.

बाकी बारीकसारीक गोष्टीही खिसा हलका करतात. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेल्सना रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झाल्यावरही ते ठरावीक अंतर धावतात, म्हणून स्टेपनी दिलेली नसते. पण टायर महाग आणि खड्ड्यांवर कडक. बॅटरी बदलली तरी अनेक गाड्यांत ती संगणकावर नोंदवावी लागते. भाग बसवला, पण गाडीने त्याला ओळखले नाही, म्हणून पुन्हा कोडिंगचे पैसे, हा अनुभव नाक्यावरच्या गॅरेजमध्ये हमखास येतो.

विमा आहे ना?

आहे, पण इथेच एक गोची आहे. विम्यात गाडीची जी किंमत धरतात, तिला आयडीव्ही म्हणतात. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांनी, दोन वर्षांनंतर ३० टक्क्यांनी, असे करत चार वर्षांनंतर निम्मी होते. पाच वर्षांपुढे ती कंपनी आणि ग्राहक आपसात ठरवतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते.

आता गणित करा. जुन्या गाडीची आयडीव्ही १२ लाख. म्हणजे नऊ लाखांच्या पुढे अंदाजपत्रक गेले की गाडी संपली. साध्या गाडीला नऊ लाखांचे नुकसान व्हायला मोठा अपघात लागतो. इथे मात्र दोन हेडलाइट, एअरबॅग, रेडिएटर आणि बंपरमधले सेन्सर मिळून तिथवर पोहोचायला वेळ लागत नाही. गाडी दुरुस्त होण्यासारखी असते, पण कागदावर भंगारात जाते. कर्ज आयडीव्हीपेक्षा जास्त शिल्लक असेल तर वरची रक्कम तुमच्या खिशातून. शिवाय झीज न कापता भरपाई देणारे ‘झिरो डेप’ संरक्षण बहुतेक वेळा पाच वर्षांपर्यंतच्या गाड्यांना सहज मिळते, पुढे कठीण होते.

पावसाळ्यात आणखी एक मुद्दा. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडले आणि चालकाने पुन्हा स्टार्टर मारला, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबले जात नाही, एवढे साधे भौतिकशास्त्र. हे नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही. इंजिनसाठीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

पुरातल्या गाड्या कुठे जातात?

टोटल लॉस झालेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात. काहींचे भाग निघतात, काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, तेव्हा अशा गाड्यांचे ढीगच लागले होते. लक्झरी गाडीत हा धोका जास्त, कारण तिचे कितीतरी कंट्रोल युनिट आणि वायरिंग सीटखाली, गालिच्याखाली असतात. गाडी आज चालते. गंज सहा महिन्यांनी बोलू लागतो.

ओळखायचे कसे? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, चिखलाची रेघ तिथे राहते. सीटचे रूळ आणि डिकीतल्या स्टेपनीच्या जागेचा तळ पाहा. जुन्या गाडीच्या आत एकच गालिचा कोरा करकरीत असेल, तर तो का बदलला ते विचारा.

‘दिल्ली पासिंग’ इतके स्वस्त कसे?

दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा प्रयोग सुरू होताच काही दिवसांत थांबला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला मनाई केली आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. नियम इतक्यांदा हलला की तिथला मालक वैतागून, मिळेल त्या भावाला डिझेल एसयूव्ही विकून मोकळा होतो.

ती गाडी महाराष्ट्रात आणता येते. मात्र मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते, इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मिळवणे हे वेगळे काम, आणि ते एजंटशिवाय करून पाहिलेल्यांना चिकाटीचे पदक द्यायला हवे. किमतीतला फरक मोजताना हा कर आधी धरा. बरेच सौदे तिथेच फिके पडतात.

कागदपत्रांत काय पाहावे?

फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर होते. जुने कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. पहिल्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी चार हातांतून गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरलाही आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि ताबा घेतल्याची सूचना दिली की जबाबदारी त्याच्याकडे जाते. ते अधिकारपत्र दाखवायला सांगा. ‘नाव नंतर करू’ म्हणणाऱ्याकडे टोकन देऊ नका.

वयाचाही हिशेब हवा. पंधरा वर्षांनंतर कारच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार रुपये आहे, पण पूर्ण आयात केलेल्या गाडीला ४० हजार. वीस वर्षांपुढे हेच आकडे १० हजार आणि ८० हजार होतात. वर तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा.

मग घ्यायचीच नाही का?

तसे नाही. घेणारे घेतात आणि सुखाने चालवतात. त्यांची निवड पाहिली तर त्यात एक सूत्र दिसते : सर्वांत मोठे मॉडेल सर्वांत स्वस्तात मिळते म्हणून ते घेत नाहीत. जुन्या सहा सिलिंडरच्या, एअर सस्पेन्शनच्या एस क्लासपेक्षा त्याच पैशांत कमी वयाची, चार सिलिंडरची, लोखंडी स्प्रिंगची सी क्लास त्यांना चालते. पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची बिले असलेल्या गाडीला ते लाखभर जास्त मोजतात. आणि खिशातली सगळी रक्कम गाडीत घालत नाहीत. माझ्या मते खरेदीच्या किमतीचा किमान दहावा भाग पहिल्या वर्षासाठी बाजूला नसेल तर त्या गाडीकडे पाहू नये. कंपन्यांच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या योजना आहेत. तिथे किंमत चढी असते, पण वॉरंटी मिळते. पहिल्यांदाच घेणाऱ्याने ती वाढीव किंमत द्यावी.

खरेदीपूर्वी गाडी त्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा त्याच ब्रँडचे काम करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन संगणकावर स्कॅन करून घ्या. डॅशबोर्डवरचे किलोमीटर बदलता येतात, पण अनेक गाड्यांत तीच नोंद इतर युनिटमध्ये, काही बीएमडब्ल्यूंमध्ये तर किल्लीतही राहते. दोन आकडे जुळले नाहीत तर पुढे बोलायचे कारण उरत नाही. पाहायला सकाळी जा. आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नका, असे मालकाला फोनवर सांगून ठेवा. आणि पोहोचल्यावर बोनेट उघडून आधी हात लावून पाहा, इंजिन थंड आहे ना.