रान रिकामं नसतं



तालुक्याच्या बाजारात व्हिडिओ आले, त्यांच्यासोबत परदेशी सिनेमेही आले. त्यांतला एक प्रकार ठरलेला असतो. विमान पडतं, बोट फुटते, शहरातली माणसं रानात अडकतात. पाणी नाही, खायला नाही, जनावरांची भीती. शेवटी ती वाचतात आणि घरी जातात. शहरवाल्याला यात थरार वाटतो. आपण विचारायचं ते असं: ज्या रानात हे मरायला टेकले, तिथं राहणारे लोक सिनेमात कुठं आहेत?

ऑस्ट्रेलियाचा ‘वॉकअबाउट’ नावाचा सिनेमा घ्या. १९७१ सालचा, निकोलस रोएग या इंग्रज माणसाने काढलेला. शहरातला बाप पोरांना गाडीतून वाळवंटात नेतो, त्यांच्यावर गोळ्या झाडतो, मग गाडी पेटवून स्वतःला संपवतो. मागे एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ उरतात. ती पाण्यावाचून मरायची, तेवढ्यात एक आदिवासी पोरगा भेटतो. तो जमिनीतून नळीने पाणी ओढून काढतो, शिकार करतो, वाट दाखवतो. शेवटी मुलगी शहरात पोचते, लग्न करून स्वयंपाकघरात उभी दिसते. पोरगा मात्र झाडाला लटकून मेलेला असतो.

कुणी म्हणेल, हा सिनेमा तर आपल्या बाजूचा आहे, शहराला नावं ठेवतो. खरं आहे. गोरे शिकारी गाडीतून येऊन नुसती जनावरं मारत सुटतात, तेही त्यात दाखवलंय. पण पोरगा बोलतो त्यातलं एक वाक्यही बघणाऱ्याला समजावून दिलेलं नाही. त्याला गाव नाही, आईबाप नाहीत, त्याची माणसं कुठली जमीन आपली मानतात ते नाही. तो वाट दाखवतो आणि मरतो. बघणारा हळहळतो. हळहळीने कुणाची जमीन परत येत नाही.

आता त्याच काळात खरं काय चाललं होतं ते ऐका. तो पोरगा झालेला डेव्हिड गुलपिलिल हा अर्नहेम लँड भागातल्या योलंगू लोकांमधला. त्या लोकांची जमीन सरकारने बॉक्साईटच्या खाणीला दिली. १९६३ साली त्यांनी आपल्या भाषेत आणि इंग्रजीत अर्ज लिहिला, झाडाच्या सालीवर चिकटवला, भोवती आपली चित्रं काढली आणि पार्लमेंटला पाठवला. मग कोर्टात गेले. १९७१ सालीच, सिनेमा आला त्याच वर्षी, निकाल लागला. जज्ज म्हणाले, तुमच्यात कायदा आहे, रीत आहे, पण आमच्या कायद्यात तुमची मालकी बसत नाही.

तिथलेच गुरिंजी लोक १९६६ साली वेव्ह हिल इथं गोऱ्या कंपनीचं गुरं राखायचं काम सोडून बाहेर पडले. बायकापोरांसकट सुमारे २०० जण. पुढारी व्हिन्सेंट लिंगियारी. आधी मजुरीचा प्रश्न होता, मग म्हणाले, जमीनच आमची आहे. नऊ वर्षं हटले नाहीत. १९७५ साली पंतप्रधान व्हिटलम यांनी तिथं येऊन लिंगियारींच्या हातात माती ओतली. १९७६ साली त्या भागासाठी जमीन हक्काचा कायदा झाला. १९९२ साली तिथल्या सर्वात वरच्या कोर्टाने माबो खटल्यात मान्य केलं की गोरे आले तेव्हा ती जमीन बिनमालकीची नव्हती.

म्हणजे सिनेमातला पोरगा मुका होऊन मरत होता, तेव्हा त्याची माणसं अर्ज लिहीत होती, कोर्टात उभी होती, संपावर बसली होती. ते कॅमेऱ्यात आलं नाही. कारण रान रिकामं दाखवलं तरच शहरवाल्याचं हरवणं रंगतं. आणि रान रिकामं म्हटलं तरच ते सरकारला घेता येतं.

आपल्याकडे १९२७ च्या जंगल कायद्यात हेच लिहून ठेवलंय. सरकारने रान राखीव करायचं जाहीर करायचं. ज्याचा हक्क असेल त्याने दिलेल्या मुदतीत, कमीत कमी तीन महिने, येऊन सांगायचं. जो सांगणार नाही त्याचा हक्क बुडाला. कागद कुठल्या भाषेत होता, पाड्यावर पोचला का, वाचणारं कोण होतं, हे कोण विचारणार? आपण बोललो नाही असं नाही. आपलं बोलणं कुणी लिहून घेतलं नाही.

म्हणून कुणी ‘निसर्गाची लेकरं’ म्हणून कौतुक केलं तर फुगून जाऊ नका. निसर्गाच्या लेकराला सातबारा कशाला, विहीर कशाला, शाळा कशाला, असा त्याचा पुढचा हिशोब असतो. तोच माणूस उद्या आपण नांगर धरला की ‘जंगल तोडणारे’ म्हणतो. आपण कसणारी माणसं आहोत. रानही राखतो, शेतही करतो.

तर कामाला लागा. दंडाच्या पावत्या जपून ठेवा, त्यांवरची तारीख हाच कसण्याचा पुरावा. म्हाताऱ्या माणसांना विचारून बांध, नाले, देवाच्या जागा यांची नावं लिहून काढा. पोरांनी लिहावं, म्हाताऱ्यांनी सांगावं. रानातल्या ज्या जागेला नाव आहे ती जागा रिकामी नव्हती, हे आपल्यालाच दाखवून द्यावं लागणार आहे.