वेळ वाचला, पण कुणासाठी?

परवा बँकेत गेलो होतो. ज्या शाखेत अधिकारी म्हणून मी अनेक वर्षे काढली, तिथेच. पासबुक भरायला आता यंत्र आहे. माझ्यापुढे एक आजोबा उभे होते. यंत्राने त्यांचे पासबुक दोनदा परत केले. मी मदत केली, तेव्हा एकच नोंद उमटली, पेन्शनची. पासबुक मिटत ते म्हणाले, "चला, तेवढंच बाहेर पडणं झालं."

मला आमच्या एक जुन्या खातेदार आठवल्या. निवृत्त शिक्षिका. बाकीचे पेन्शनर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येत, या बाई दर आठवड्याला येत. शंभर रुपये काढत आणि अर्धा तास बोलत. एकदा मार्चअखेरच्या गडबडीत मी म्हणालो, "बाई, आज अजिबात वेळ नाही, नंतर या." त्या हसल्या आणि गेल्या. पुढे आल्या त्या फक्त दाखल्यापुरत्या.

हा दाखला २०१४ पासून डिजिटल झाला. आता मोबाइलपुढे चेहरा धरला की माणूस हयात असल्याची नोंद होते. आजारी, अंथरुणाला खिळलेल्यांची यातायात वाचली, हे चांगलेच झाले. पण त्या रांगेत वर्षातून एकदा भेटणारी माणसे आता भेटत नाहीत.

हे दुखणे केवळ म्हाताऱ्यांचे नाही. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकाकीपणाचा प्रश्न मंत्र्याकडे सोपवला. जगात दर सहा माणसांमागे एक जण एकाकी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये सांगितले. त्यातही किशोरवयीन मुलांमध्ये हे प्रमाण अधिक आहे.

मग चाळच बरी होती का? ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ती ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. सार्वजनिक संडासाच्या रांगेत ज्यांनी उमर घालवली, त्यांना चाळीचे गोडवे ऐकवू नयेत. चाळीतली माणसे काही अधिक प्रेमळ नव्हती. गॅलरी एक आणि नळ एक, म्हणून ती एकमेकांना भेटत, भांडत आणि अडीअडचणीला धावत. बोलणे अडचणीतून आपोआप घडत होते. अडचण गेली, दार बंद झाले. आता बोलायचे तर मुद्दाम दार वाजवावे लागते, आणि मुद्दाम करायच्या गोष्टीला आपल्याकडे वेळ नसतो.

खरे तर वेळ वाचला आहे. वीजबिलाची रांग गेली, बँकेची गेली, तिकिटाची गेली. वाचलेला वेळ कुठे जमा झाला, याचा हिशेब मात्र लागत नाही. माझा तरी बराचसा मोबाइलच्या खात्यावर निघतो.

त्या आजोबांना मी चहाला चला म्हणालो. पंचवीस मिनिटे लागली. माझे कुठलेही काम अडले नाही. बाईंच्या वेळीही अडले नसते.

आज रविवार आहे. पुरवणी वाचून झाली की कुणाचे तरी दार वाजवून पाहा.