ते चार लोक कोण?

मराठी कुटुंबावर खरी सत्ता कोणाची चालते? बापाची, आईची की आजीची? मला विचाराल तर ती चालते चार लोकांची. 'चार लोक काय म्हणतील?' या एका प्रश्नावर आपल्याकडे लग्ने ठरतात, मोडतात, कर्जे निघतात आणि पोरांच्या शाखा निवडल्या जातात. या चार लोकांचा पत्ता मात्र कोणी देत नाही. त्यांच्या धाकाने घराघरांतून काय काय दडपले जाते, ते मात्र मला चांगले दिसते. आणि त्यात सर्वांत मुके दुःख आहे ते वयात आलेल्या आपल्या मुलांचे.

ऐन दिवाळीत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. मी म्हणते, दिवाळीतच! एकमेकांच्या घरी एवढी ये-जा वर्षात दुसऱ्या कोणत्या सणाला होते? बाहेर फराळाची ताटे फिरत असतात आणि एक मूल आतल्या खोलीत दार लोटून पडलेले असते. आई म्हणते, 'अभ्यासाने दमलाय हो.' पाहुणे म्हणतात, 'हे वयच असे!' चकली मोडते, आणि तिच्याबरोबर विषयही मोडतो.

'हे वयच असे' हे वाक्य मराठीतून काही वर्षांसाठी हद्दपार करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वय रुसते, आरशापुढे तास घालवते, बापाशी वाद घालते. पण संध्याकाळी मित्रांची हाक आली की चपला अडकवून पळते. आजाराला हाक ऐकूच येत नाही. गाण्याचे वेड असलेली मुलगी तंबोऱ्याची गवसणी काढीत नाही. मित्रांवाचून न करमणारा मुलगा त्यांना टाळू लागतो. झोप उडते किंवा दिवसभर सरत नाही. जेवणावरची वासना जाते. डोके दुखते, पोट दुखते आणि तपासण्यांत काही सापडत नाही. 'मी कशाच्याच लायकीचा नाही' असे शब्द तोंडी येऊ लागतात. हे जवळजवळ रोज आणि सलग दोन आठवडे चालले, तर वयाच्या माथी खापर फोडून स्वस्थ बसता येणार नाही. नैराश्याची शंका घेतलीच पाहिजे. शिवाय या वयात हा आजार पुष्कळदा चिडचिडीचे सोंग घेऊन येतो. रडणाऱ्याला निदान कोणी जवळ घेते. चिडणाऱ्याला थप्पड मिळते. औषधाच्या जागी थप्पड, हा आपला घरगुती उपचार!

ही काही श्रीमंतांच्या घरची थेरे आहेत, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन आकडे देते. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. म्हणजे पंचावन्न मुलांच्या वर्गात चार. पाहा, ज्या चार लोकांना आपण भितो त्यांचा ठिकाणा नाही. पण ही चार मुले हजेरीपटावर आहेत! दुसरा आकडा लिहिताना हात जड होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले आयुष्य संपवले. त्यांतली १,७६४ मुले महाराष्ट्राची. राज्यांच्या यादीत सर्वांत वरचा आकडा आपला. अशा मृत्यूमागे एकच एक कारण नसते, आणि प्रत्येक उदास मूल त्या टोकाला जाते असेही मुळीच नाही. पण वेळीच ओळखले तर उपचार आहेत आणि त्यांनी बरे वाटते, हे आज ठाऊक असताना स्वस्थ बसणे मला क्षम्य वाटत नाही.

मग अडते कुठे? लाजेपाशी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आपली जुनी मनोरुग्णालये आहेत. माणसे बरी करण्यासाठी ती उभी राहिली. आपण त्यांतल्या दोन गावांच्या नावांची शिवी केली! 'याला येरवड्याला धाडा' असे ज्या घरात हसत हसत म्हटले जाते, त्या घरातले मूल 'मला आतून बरे वाटत नाही' हे कोणत्या तोंडाने सांगणार?

माझ्या माहितीच्या एका घरी मुलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेत असत आणि शेजारी सांगत की, दातांच्या डॉक्टरकडे जातो. आठ महिने तिच्या दातांवर उपचार चालले होते! परिणाम काय झाला? तिचा समाचार घ्यायला कोणीही गेले नाही. दात दुखतो म्हणून समाचाराला कोण जाते? तिचा हात मोडला असता तर चार घरांतून डबे आले असते, मैत्रिणींनी वह्या उतरवून दिल्या असत्या. मन मोडले, म्हणून ती एकटी राहिली. आईबापांना मी दोष देत नाही. 'उद्या हिचे लग्न कसे व्हायचे?' हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आपण सर्वांनी मिळून भरवलेला आहे.

'हे काम शाळेने करावे, शिक्षक आहेतच की!' असे म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतात. अहो, त्या शिक्षकाच्या पाठीवर खिचडीपासून मतदारयाद्यांपर्यंत सारे ओझे आधीच आहे. गोव्याच्या 'संगत' संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला, पण डॉक्टर नसलेला एक समुपदेशक नेमला. काही शाळांत तेच काम शिक्षकांवर सोपवले. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई कमी झाली, मुलांचे नैराश्यही घटले. शिक्षकांवर सोपवलेल्या शाळांत फरक दिसला नाही. अर्थ उघड आहे. मोठी पदवी नसली तरी चालेल; पण हे काम माझे आहे असे मानणारा आणि त्यासाठी मोकळा असलेला माणूस हवा. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असला पाहिजे, आणि मुलांचा चारचौघांत पाणउतारा होता कामा नये. पालकसभेत उठून 'आमच्या शाळेत तो कुठे बसतो?' एवढा एक प्रश्न विचारायला कोणाची हरकत आहे?

पण शाळा पाच वाजता सुटते. त्यानंतर मूल असते ते वाड्यात, चाळीत, सोसायटीत. म्हणजे त्या चार लोकांत! तेव्हा आता त्यांची नावेच घेते. पहिली आत्या किंवा मावशी: तिने 'किती टक्के?' हा प्रश्न या दिवाळीपुरता गिळावा आणि 'झोप लागते का रे नीट?' असे विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसावे. दुसरा शेजारी: जिन्यात रोज दिसणारे मूल आठवडाभर दिसले नाही, तर त्याने दार वाजवावे. तिसरा मित्र: कोणी मरणाच्या गोष्टी करू लागले, निरवानिरवीची भाषा बोलू लागले, आवडत्या वस्तू वाटू लागले, तर 'कोणाला सांगू नकोस' ही शपथ त्याने खुशाल मोडावी आणि मोठ्या माणसाला सांगावे. चौथे आपले मंडळ: वर्गणीच्या वहीत ज्याच्याकडे प्रत्येक खोलीची नोंद असते, त्याने फलकावर १४४१६ हा क्रमांक लिहावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेलिमानस' सेवेचा तो दूरध्वनी आहे. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.

आणि शंका आलीच, तर 'जीव नकोसा होतो का? मरणाचे विचार येतात का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने नसती कल्पना सुचते, हा निव्वळ भ्रम आहे. विचारल्याने ओझे हलके होते. उत्तर 'हो' आले, तर उपदेश नको, शिवाजी महाराजांचे दाखले नकोत. त्या मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि औषध सुरू झाले तर ते डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.

आता त्या चार लोकांचा पत्ता लागला ना? ते तुम्ही आहात, मी आहे, आपल्या समोरच्या दारातले बिऱ्हाड आहे. इतकी वर्षे आपण नुसते काहीबाही म्हणत आलो. आता काय म्हणायचे तेही सांगून टाकते. फराळाचे ताट घेऊन त्या लोटलेल्या दारापाशी जावे आणि म्हणावे, 'तू दिसला नाहीस, म्हणून आले.'