डोक्यावरचा सिमेंट पत्रा

पावसाळा तोंडावर आला की वस्तीत शिड्या निघतात. कोणी गळका पत्रा बदलतो, कोणी शेवाळ खरवडतो. वाचक बंधुभगिनींनो, आमचे सांगणे या कामापुरतेच आहे.

जुन्या घरांवरचे नागमोडी सिमेंट पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. पत्रा धड असेल तर भिऊन घर सोडण्याचे कारण नाही. धोका आहे तो करवतीने कापताना, भोक पाडताना, कोरडे घासताना उडणाऱ्या धुळीत. तिचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांनी होणारा कर्करोग २०-३० वर्षांनी उघड होतो. म्हणून 'इतकी वर्षे राहतो, काय झाले?' हा सवाल फसवा आहे.

पत्रा आधी पाण्याने भिजवावा. बोल्ट सोडवून अखंड उतरवावा, हातोडा घालू नये. वर चढताना आडवी फळी टाकावी. जुना पत्रा पायाखाली मोडतो. तोंडाला रुमाल पुरत नाही, निदान एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा मास्क हवा. मुलांना लांब ठेवावे. चुरा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपून फडक्यासकट जाड प्लास्टिकमध्ये बांधावा. कामाचे कपडे न झटकता वेगळे भिजवावेत. कारखान्यातल्या कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. फुटक्या तुकड्यांनी गल्लीतले खड्डे बुजवतात, ते तर मुळीच नको.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याबाबत आदेश दिले, ते कारखान्यांना. आपल्या छपरावर चढणाऱ्या नाका कामगाराला कोण विचारतो? मजुरी ठरवताना त्याच्या मास्कचे पैसे वेगळे धरावेत.