प्लॅस्टिकचा रणगाडा

मुलांना भेट म्हणून द्यावयाच्या वस्तूंत रणगाड्याच्या प्रतिकृतीचा संच हीहि एक वस्तु असते. ती पाहून कित्येक पालकांच्या मनांत प्रश्न उभा राहतो कीं, संहाराचें हें साधन मुलांच्या हातीं खेळणें म्हणून द्यावें कीं न द्यावें? प्रश्न विचार करण्यासारखा आहे. परंतु संच हातीं घेऊन, त्यांत काय आहे व काय नाहीं हें पाहिल्यावांचून त्याचें उत्तर देणें योग्य होणार नाहीं.

उदाहरणादाखल 'सेंचुरियन' या ब्रिटिश बनावटीच्या रणगाड्याचा संच घेऊं. कारण १९६५ व १९७१ या दोन्ही युद्धांत आपल्या सैन्यानें हा रणगाडा वापरला होता. पेटी उघडली म्हणजे रणगाडा दिसत नाहीं. दिसतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि त्यांस लागलेले लहानमोठे पुष्कळ भाग. प्रत्येक भाग पात्यानें जपून सोडवावा, कापल्याची खूण कानसेनें घासावी, तो प्रथम नुसता जुळवून पाहावा, आणि मगच चिकटवावा. चिकटविण्याचें द्रावण डिंकासारखें नसतें. तें प्लॅस्टिकच विरघळवून दोन कडा एकजीव करतें. एक थेंब अधिक पडला तर काम बिघडतें. शिवाय त्याची वाफ अपायकारक असल्यामुळें खिडक्या उघड्या ठेवूनच बसावें लागतें. दोन्ही बाजूंस सहा सहा मोठीं चाकें बसवावयाचीं असतात; त्यांतील एक जरी तिरकें बसलें, तरी सगळा रणगाडा लंगडा दिसतो. तोफेची नळी पुष्कळदां दोन अर्ध्या भागांची असते. मधला सांधा घासून नाहींसा केला नाहीं, तर रंग दिल्यावर तो अधिकच उठून दिसतो. रंगानें दोष झांकत नसतो, तो उघडा पडतो, हा धडा कोणत्याहि विद्यार्थ्यास उपयोगी पडण्यासारखा आहे.

या संचांचें प्रमाण बहुधा पस्तिसास एक असें असतें. तें कोणा गणितज्ञानें ठरविलेलें नाहीं. जपानांतील शिझुओका शहरच्या तामिया कंपनीनें १९६० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत 'पँथर' रणगाड्याची प्रतिकृति काढली, तेव्हां तिच्या पोटांत विजेचे घट व मोटर मावावी म्हणून जो आकार धरला, तोच पुढें रूढ झाला. लांबी पस्तीस पट लहान झाली म्हणजे वजनहि पस्तीस पट लहान होतें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु लांबी, रुंदी व उंची हीं तिन्हीं घटत असल्यामुळें घनफळ ३५ × ३५ × ३५, म्हणजे ४२,८७५ पट लहान होतें. सेंचुरियनचें वजन सुमारें ५१ टन. त्याची प्रतिकृति हुबेहूब त्याच पोलादाची केली, तरी ती सव्वा किलोहून कमीच भरेल. प्लॅस्टिकची पोकळ प्रतिकृति तर तळहातावर सहज राहते. सदतिसांस एक अशा चढाच्या आपल्या थळ घाटांत गाडी वर आणावयास मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. हें पाहणाऱ्या इगतपुरीच्या मुलांना ५१ टन म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. तळहातावरील प्रतिकृति मात्र तें सांगूं शकत नाहीं.

पण संचाची खरी उणीव वजनाची नव्हे, माणसांची आहे. सेंचुरियनमध्यें चौघे असतात: हुकूम देणारा अधिकारी, गाडी हांकणारा, तोफ डागणारा व तोफेंत गोळा भरणारा. संचांत बहुधा झांकणांतून डोकें वर काढलेल्या एखाद्या अर्ध्या पुतळ्यावर काम भागवितात; बाकीच्यांची जागा रिकामी. साडेपांच फूट उंचीचा मनुष्य या प्रमाणानें सुमारें पावणेपांच सेंटिमीटरांचा होतो. एवढ्याशा माणसाची आठवण राहूं नये, इतकी ती पोलादी भिंत आपल्याला मोठी वाटते!

आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत, अहिल्यानगर येथें, चिलखती दळाच्या केंद्रांत 'फामागुस्ता' नांवाचा खरा सेंचुरियन जतन करून ठेविला आहे. पुण्यास जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत त्या रणगाड्यांत होते. रणगाड्यास आग लागली. बाहेर पडण्याची आज्ञा झाली. परंतु तोफ अद्यापि चालत आहे म्हणून त्यांनीं तो सोडला नाहीं, आणि तेथेंच त्यांस वीरमरण आलें. वय अवघें २१ वर्षांचें. म्हणजे आपल्या वरच्या वर्गांतील मुलांहून पांचसहा वर्षांनींच अधिक. त्यांच्याच पूना हॉर्स रिसाल्याचे अधिपति लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर हे १९६५ च्या सप्टेंबरांत सेंचुरियन रणगाड्यांनिशींच लढतां लढतां पडले. दोघांसहि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालें.

कोणी म्हणेल, तर मग असला संच मुलांना देऊंच नये. आम्हांस तसें वाटत नाहीं. चावी देतांच ठिणग्या उडविणारा तयार रणगाडा आणि हा संच यांत मोठें अंतर आहे. तयार खेळण्यांतला रणगाडा कधीं हरत नाहीं व त्यांत कोणी मरत नाहीं. खऱ्याची गोष्ट निराळी: १९६५ सालीं असल उत्तर येथें ज्यांचा मोठा दरारा होता ते पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या शेतांत रुतून बसले. संच जुळविणारा मुलगा सावकाश काम करतो, मापें पाहतो, प्रश्न विचारतो. आणि जो प्रश्न विचारतो, त्यास खरा इतिहास सांगतां येतो.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक शाळेनें एक संच घ्यावा व तो चार विद्यार्थ्यांनीं मिळून पुरा करावा. रंग देण्यापूर्वीं त्या रणगाड्यांत कोण बसत, त्यांतून किती परत आले, हें त्यांनीं शोधून काढावें, व तें एका कागदावर लिहून प्रतिकृतीशेजारीं ठेवावें. जमल्यास अहिल्यानगरास १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालयहि पाहून यावें. ज्यास त्या पोकळ प्लॅस्टिकच्या आंत चार माणसें दिसूं लागलीं, त्याच्या हातीं हें खेळणें खुशाल द्यावें. ज्यास तीं दिसत नाहींत, त्यानें पेटी अजून पुरती उघडलेलीच नाहीं, असें समजावें.