चिनी औषधाने गुण येतो का?

मोठ्या मुलांच्या वर्गात गेल्या महिन्यात वादसभा झाली. विषय मुलांनीच निवडला होता. एकाच्या आईची पाठदुखी चिनी पद्धतीने सुया टोचून घेतल्यावर थांबली होती. दुसरीचे बाबा डॉक्टर. त्यांच्या मते हा सगळा मनाचा खेळ. वाद चांगला रंगला, पण निकाल काही लागला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक ऐकीव गोष्ट. १९७१ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला गेले असताना त्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. पुढे पोटात वायू धरला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सुया टोचल्या आणि त्यांना आराम पडला. तसे त्यांनी पेपरात लिहिले. गोष्ट तोंडोतोंडी फिरत "भूल न देता, नुसत्या सुयांवर ऑपरेशन केले" अशी झाली! प्रत्यक्षात ऑपरेशन नेहमीची भुलीची इंजेक्शने देऊनच झाले होते. तेव्हा "अमक्याला गुण आला" हे ऐकून लगेच मान डोलावू नये.

मग पारख कशी करायची? जर्मनीत पाठदुखीच्या अकराशेहून अधिक रोग्यांचे तीन गट केले. एका गटाला शास्त्रानुसार योग्य जागी सुया टोचल्या, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचल्या, तिसऱ्याला नेहमीचे उपचार दिले. २००७ साली निकाल छापून आला. पहिल्या गटात सुमारे ४७ टक्के लोकांना बरे वाटले, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात २७ टक्के. म्हणजे आपल्या वर्गातले दोघेही थोडे थोडे बरोबर! सुयांनी आराम पडतो, पण सुई नेमकी कुठे टोचली याने फारसा फरक पडलेला दिसत नाही.

काढ्यांचे आणि पाल्याचे तसेच. यूयू तू या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात तापावरची एक वनस्पती वाचली, तिच्यातून मलेरियावरचे औषध वेगळे काढले, आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उलट 'मा हुआंग' ही तितकीच जुनी चिनी वनस्पती वजन कमी करण्याच्या गोळ्यांत घालून इथे सर्रास विकली जाई. हृदयाला धोका दिसल्यावर २००४ साली अमेरिकन सरकारने त्या गोळ्यांवर बंदी घातली. ग्रंथ जुना म्हणून औषध खरे ठरत नाही, आणि जुना म्हणून खोटेही ठरत नाही.

इथे आपण चिन्यांना हसायचे कारण नाही. त्याच २००४ साली बॉस्टन परिसरातल्या देशी दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तर त्यांतल्या १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. आणि आपल्यापैकी किती घरांत अशा डब्या आहेत!

आता आमच्या घरचेच सांगते. माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिचे ब्लड प्रेशर काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी विचारले, "आणखी कुठली औषधे घेता?" मी मराठीत विचारले. आई म्हणाली, "छे गं, दुसरं औषध कुठलं?" मी तेच इंग्रजीत सांगितले. डॉक्टरांनी गोळी वाढवली. घरी आल्यावर माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "आजी, मग रोज सकाळी मधातून काय चाटतेस?" ते होते खोकल्यासाठीचे ज्येष्ठमधाचे चूर्ण! रोज भरपूर घेतले तर ज्येष्ठमधाने ब्लड प्रेशर वाढते. चिनी काढ्यांतही तेच ज्येष्ठमध नेहमी वापरतात. चूर्ण बंद केले आणि दीड महिन्यात डॉक्टरांनी वाढवलेली गोळी पुन्हा कमी केली.

आई खोटे बोलली नव्हती. तिच्या लेखी 'औषध' म्हणजे डॉक्टरांचे. चूर्ण हे घरचे. भाषांतर शब्दाला शब्द बरोबर होते, पण अर्थ निसटला.

म्हणून माझे मत असे: "चिनी औषध चांगले की वाईट" हा प्रश्नच सोडून द्यावा. कुठले औषध, कशासाठी, किती, आणि तपासले कोणी, हे विचारावे. आणि घेत असाल ते सगळे न लाजता डॉक्टरांना सांगावे.

बालमित्रांनो, आजी-आजोबांबरोबर दवाखान्यात दुभाषे म्हणून तुम्हीच जाता. तेव्हा नुसते "औषध घेता का?" असे विचारू नका. चूर्ण, काढा, लेप, गुटी, भस्म असे एकेक नाव घेऊन विचारा. रविवारी इथे शिकलेले मराठी शब्द असे उपयोगी पडतात!

ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावे. वाद अजून संपलेला नाही.